ब्राउझिंगची नोंद परस्पर विकायची मुभा: अमेरिकेतल्या एका रद्द नियमाची पार्श्वभूमी

१९८७ साली वॉशिंग्टनमधल्या एका वार्ताहराने व्हिडिओ कॅसेटच्या दुकानातून एक यादी मिळवली. न्यायमूर्ती रॉबर्ट बोर्क यांनी भाड्याने नेलेल्या सिनेमांची. बोर्क यांचं नाव तेव्हा अध्यक्ष रेगन यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेलं होतं. 'वॉशिंग्टन सिटी पेपर'ने ती यादी छापली. तीत लाजण्यासारखं काही नव्हतं, पण अशी यादी आपलीही कुठल्या तरी दुकानात पडलेली आहे हे काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या, प्रत्येकाला एकदम कळलं. १९८८ साली कायदा झाला: ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय दुकानदाराने यादी कुणाला द्यायची नाही, दिली तर ग्राहक कोर्टात जाऊन किमान २,५०० डॉलर भरपाई मागू शकतो.

त्याच काँग्रेसने २०१७ साली इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांवरचा असाच एक नियम रद्द केला: ग्राहक कोणत्या साइटी पाहतो याची नोंद त्याच्या होकाराशिवाय विकायची नाही. सिनेटमध्ये २३ मार्चला ५० विरुद्ध ४८, प्रतिनिधिगृहात २८ मार्चला २१५ विरुद्ध २०५, आणि ३ एप्रिलला अध्यक्ष ट्रम्प यांची सही. घरबसल्या पाहिलेल्या सिनेमांच्या यादीला संरक्षण, आणि रात्री दीड वाजता शोधलेल्या आजाराच्या नोंदीला नाही, ही विसंगती मला आजही अस्वस्थ करते.

अमेरिकेत हा प्रश्न इंटरनेटच्या आधीपासूनचा आहे. बंद पाकीट सरकारलाही वॉरंटशिवाय फोडता येणार नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८७८ सालीच सांगितलं होतं. टेलिफोन कंपन्यांसाठी १९९६च्या दूरसंचार कायद्यात २२२वं कलम आलं. ग्राहकाने कुणाला, कधी, किती वेळ फोन केला ही माहिती कंपनीला सेवा देताना आपोआप कळते, म्हणून ती तिला वाटेल तशी वापरता येणार नाही. जो निरोप पोचवतो त्याने तो वाचायचा नाही, वाचलाच तर बाजारात न्यायचा नाही, एवढं साधं तत्त्व. ते टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेटच्या केबलपर्यंत पोचलं नाही, आणि पुढचं सगळं त्यातून घडत गेलं.

वेबवरची पाळत मात्र सुरुवातीला कंपन्यांच्या तारेतून नव्हे, ब्राउझरमधून आली. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीत लू माँटुली यांनी कुकी, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी खूण, तयार केली. साइटला परत आलेला माणूस ओळखू यावा, इतकाच हेतू होता. जाहिरात कंपन्यांनी तीच कुकी हजारो साइटींवर पेरली. त्यातल्या डबलक्लिकने १९९९ साली अ‍ॅबॅकस डायरेक्ट ही खरेदीदारांची नावं-पत्ते बाळगणारी कंपनी विकत घेतली. ब्राउझिंग आणि खरं नाव एकत्र जोडलं जाणार म्हटल्यावर ओरड झाली आणि मार्च २००० मध्ये डबलक्लिकला बेत थांबवावा लागला. २००८ साली ती कंपनी गूगलच्या ताब्यात गेली.

कुकी निदान पुसता येते. इंटरनेटची तार पुरवणाऱ्या कंपनीचं तसं नाही. २००८ साली नेबूअ‍ॅड नावाच्या कंपनीने काही केबल कंपन्यांच्या जाळ्यात आपली यंत्रं बसवली. ग्राहकाची माहिती त्या यंत्रातून जाताना उघडून वाचायची आणि त्यावरून जाहिराती निवडायच्या. काँग्रेसमध्ये सुनावणी झाली आणि तो धंदा गुंडाळला गेला. ब्रिटनमध्ये बीटी या टेलिफोन कंपनीने फॉर्म नावाच्या कंपनीबरोबर असाच प्रयोग ग्राहकांना न सांगता केलेला होता.

मग आली व्हेरायझन या मोबाइल कंपनीची गोष्ट. ती नीट समजून घ्यायला हवी. तुम्ही फोनवर एखादी साइट उघडता तेव्हा फोन एक विनंती पाठवतो: अमुक पान द्या. व्हेरायझनच्या जाळ्यातून ती विनंती पुढे जाताना तिच्या कपाळावर अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक माळ चिकटवली जायची, प्रत्येक ग्राहकाची वेगळी. समोरच्या साइटला ती दिसायची, फोनच्या मालकाला कधीच नाही. कुकी पुसा, ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, उपयोग शून्य, कारण माळ फोन सोडल्यानंतर वाटेत लागत होती. जाहिराती नकोत असं कंपनीला कळवलं तरी माळ जातच राहायची. २०१२च्या अखेरीपासून हे चालू होतं, लोकांना कळलं ऑक्टोबर २०१४ मध्ये. काही महिन्यांनी उघड झालं की टर्न नावाची जाहिरात कंपनी ही माळ वापरून लोकांनी पुसलेल्या कुकी पुन्हा जिवंत करते आहे. मार्च २०१६ मध्ये व्हेरायझनला दंड झाला १३ लाख ५० हजार डॉलर. एवढ्या मोठ्या कंपनीला तो लागलाही नसेल.

एटीअँडटी या दुसऱ्या बड्या दूरसंचार कंपनीने तर गोपनीयतेला सरळ किंमतच लावली. २०१३च्या अखेरीस टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात त्यांचं वेगवान इंटरनेट महिना ७० डॉलरला सुरू झालं, पण ब्राउझिंग पाहू दिलं तर. पाहू द्यायचं नसेल तर ९९. म्हणजे ज्याला महिन्याचे २९ डॉलर जड त्याने आपलं घर उघडं ठेवायचं. ही योजना २०१६ साली बंद झाली.

या पार्श्वभूमीवर एफसीसी, म्हणजे दूरसंचार आयोग, पुढे सरसावला. फेब्रुवारी २०१५ मध्ये आयोगाने इंटरनेट सेवेला टेलिफोनसारखी सार्वजनिक वहनसेवा ठरवलं, आणि कलम २२२ तिला लागू करायची वाट मोकळी झाली. आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष टॉम व्हीलर यांच्या काळात २७ ऑक्टोबर २०१६ रोजी ३ विरुद्ध २ मतांनी नियम मंजूर झाले: ब्राउझिंग, अ‍ॅपचा वापर, ठिकाण, आरोग्य, पैशांचे व्यवहार ही माहिती वापरायची किंवा विकायची तर ग्राहकाने आधी होकार दिला पाहिजे. बारा दिवसांनी निवडणूक झाली आणि सत्ता पालटली.

नियमांना विरोध करणाऱ्या इंटरनेट कंपन्यांचा मुद्दा असा होता की गूगल-फेसबुकला ढिले नियम आणि आम्हालाच कडक, हा अन्याय. मुद्दा अगदीच खोटा नाही. पण मग कडक नियम सगळ्यांना लावायचे की सगळ्यांचेच काढायचे? सर्च इंजिन बदलायला एक मिनिट लागतं. अमेरिकेत असंख्य घरांच्या दारात वेगवान केबल एकाच कंपनीची येते, दोनांतून निवड मिळाली तरी नशीब. आज बहुतेक साइटी कूटबद्ध असल्यामुळे कंपनीला पानावरचा मजकूर दिसत नाही, पण साइटचं नाव सहसा दिसतं. आधी कर्करोगाची माहिती देणारी साइट, मग विमा कंपनी, मग मृत्युपत्र करून देणारी: तीन नावांत एका घराची कहाणी कळते.

काँग्रेसने हे नियम रद्द करायला जे हत्यार वापरलं ते १९९६च्याच दुसऱ्या एका कायद्यातलं. त्यानुसार नियम नुसता रद्द होत नाही; जवळपास तसाच नियम आयोगाला नव्या कायद्याशिवाय पुन्हा करता येत नाही. म्हणून या मतदानाचं नुकसान इतकी वर्षं टिकलं आहे.

त्या आठवड्यात संतापलेल्या लोकांनी खासदारांचीच ब्राउझिंग हिस्ट्री विकत घेण्यासाठी वर्गण्या गोळा केल्या. त्यांचा राग समजण्यासारखा होता, पण बाजार असा चालत नाही. नावानिशी यादी सहसा विकली जात नाही. विकले जातात गट: 'नवे आईबाप', 'कर्जाच्या शोधात असलेले'. पुढे २०२१ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने सहा मोठ्या इंटरनेट कंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातल्या काही कंपन्या ब्राउझिंग, अ‍ॅप आणि ठिकाण यांची माहिती एकत्र जोडतात, आणि काही वंश, लैंगिक कल अशा नाजूक गोष्टींवरून ग्राहकांचे गट पाडतात, असं आढळलं. नाव नसलं तरी जाहिरात बरोबर त्याच माणसाच्या पडद्यावर येते.

आपल्याकडेही तारेत हात घालण्याचा प्रकार झालेला आहे. २०१५ साली बंगळूरच्या एका प्रोग्रॅमरला आपल्याच साइटच्या पानात एअरटेलच्या जाळ्यातून परका कोड घुसवलेला दिसला. ग्राहकाला डेटाचा वापर कळावा म्हणून तो होता, असं कंपनीचं म्हणणं. तो उघड केल्याबद्दल कायदेशीर नोटीस आली ती प्रोग्रॅमरलाच. २४ ऑगस्ट २०१७ रोजी, म्हणजे अमेरिकेतल्या त्या सहीनंतर पाच महिन्यांच्या आत, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. माहिती संरक्षणाचा कायदा व्हायला मात्र २०२३ उजाडलं.

अमेरिकेत वॉशिंग्टनने सोडून दिलेलं काम काही राज्यांनी हाती घेतलं. ईशान्येच्या कोपऱ्यातल्या मेनने जून २०१९ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०२० पासून तो लागू झाला. कंपन्यांच्या संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि २०२२ साली त्यांनी खटला मागे घेतला. मेनमध्ये आज ब्राउझिंगची नोंद विकायची तर ग्राहकाचा होकार लागतो, आणि होकार दिला नाही म्हणून त्याच्याकडून जास्त पैसे घेता येत नाहीत, की दिला म्हणून सवलतही देता येत नाही.