रोमछिद्रातल्या जिवाणूंसाठी विषाणूचा टपाली

नाकाच्या शेंड्यावरची त्वचा दोन बोटांत हलकेच दाबली की रोमछिद्रातून मेणासारखी बारीक, पांढुरकी सळी बाहेर येते. तेल, मृत पेशी आणि क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नीस नावाचे असंख्य जिवाणू, असा तिचा ऐवज. मुरमांचं खापर आपण याच जिवाणूंवर फोडतो. पण नितळ चेहऱ्यावरही त्यांचंच ठाण असतं. ते तेलाचं विघटन करून मेदाम्लं तयार करतात आणि त्वचा आम्लधर्मी ठेवायला हातभार लावतात. अशा शेजाऱ्याला सरसकट मारण्याऐवजी त्याच्याकडूनच औषध बनवून घ्यावं, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2024 साली त्या दिशेनं मोठं पाऊल टाकलं. मुरमांवर आयसोट्रेटिनॉइन हे जालीम औषध देतात, पण गरोदरपणी ते पोटात गेलं तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. या औषधाचा बराचसा परिणाम एनगॅल नावाच्या प्रथिनामार्फत होतो. त्या प्रथिनाचं जनुक संशोधकांनी जिवाणूत घातलं. जिवाणू एनगॅल स्रवू लागले आणि उंदरांच्या त्वचेवर तगलेही.

हे जिवाणू मात्र प्रयोगशाळेत, विजेचा झटका देऊन बदललेले होते. माणसाच्या चेहऱ्यावर ते लावायचे तर वेगळीच अडचण उभी राहते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 2022 साली दाखवलं, की एकेका रोमछिद्रात या जिवाणूचा बहुधा एकच वंश नांदत असतो. शेजारच्या छिद्रात दुसरा. प्रत्येक छिद्र म्हणजे वेगळं घर, आणि प्रत्येक घरात आधीच कुणीतरी राहतंय. बाहेरून आणलेल्या पाहुण्याला तिथे जागा मिळणं कठीण. मग पाहुणा पाठवण्यापेक्षा घरच्यांनाच जनुक नेऊन दिलं तर?

त्यासाठी विषाणू हवा. जिवाणूंना लागण करणारे विषाणू, म्हणजे बॅक्टेरिओफेज किंवा नुसते फेज, आपल्या त्वचेवर मुळातच असतात. फेज जिवाणूच्या पृष्ठभागावरची ठरावीक खूण ओळखून चिकटतो आणि आपला डीएनए आत सोडतो. मग आत नवे फेज तयार होतात आणि शेवटी जिवाणू फुटतो. संशोधक फेजचं कवच आणि शेपूट ठेवतात. आतला डीएनए मात्र बदलतात. हवं ते जनुक आणि कवचात भरलं जाण्यासाठी लागणारी खूण, एवढंच आत जातं. फेजची स्वतःची जनुकं नसल्यामुळे पुढची पिढी निघत नाही. टपाल पोचतं, घर शाबूत राहतं.

निसर्गात ही टपालसेवा जुनीच आहे. फेज एका जिवाणूचं जनुक दुसऱ्यात नेतात, हे झिंडर आणि लेडरबर्ग या शास्त्रज्ञांनी 1952 साली साल्मोनेला या जिवाणूत दाखवलं. त्याच्या आदल्या वर्षी फ्रीमन यांना आढळलं होतं, की घटसर्पाचा निरुपद्रवी जिवाणू एका फेजच्या लागणीनंतर विष बनवू लागतो. त्या विषाचं जनुक फेजच आणतो. या तंत्राकडे बघताना घटसर्प विसरून चालणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

शरीरात राहणाऱ्या जिवाणूंवर हे जमतं का? पॅरिसच्या एलिगो बायोसायन्स कंपनीच्या संशोधकांनी 2024 साली उंदरांच्या आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूवर प्रयोग केला. फेजपासून बनवलेल्या कणांतून त्यांनी जनुकाचं अक्षर बदलणारं साधन पाठवलं. एकाच मात्रेत लक्ष्य केलेल्या जिवाणूंपैकी मध्यक हिशेबानं 93 टक्के बदलले, आणि बदललेले जिवाणू किमान 42 दिवस टिकून राहिले.

त्वचेवर काम जास्त किचकट आहे. कण तेलातून वाट काढत छिद्राच्या तळाशी पोचायला हवेत. काही जिवाणू परका डीएनए कापून टाकतात, काही वंशांकडे क्रिस्पर ही फेजविरोधी संरक्षणयंत्रणा असते. कवचात जागाही थोडीच: क्युटिबॅक्टेरियमच्या फेजचा मूळ जनुकसंच जेमतेम 29 हजार अक्षरांचा.

शिवाय बदललेला जिवाणू टॉवेलवरून, गालाला गाल लावताना, घरातल्या तान्ह्या बाळापर्यंत जाऊ शकतो. त्यावर एक उपाय आहे. जिवाणूला एखाद्या पोषकद्रव्यावर अवलंबून ठेवायचं आणि ते द्रव्य फक्त रुग्णाच्या मलमातच द्यायचं. मलम थांबलं की जिवाणूही थांबेल. ही तजवीज पक्की झाल्याशिवाय असं औषध कुणाच्याही चेहऱ्यावर लावू नये, असं माझं ठाम मत आहे.