व्यावसायिक शुल्क की पगार : फ्रीलान्स कामाचा करदर्जा आणि नोकरीचे हक्क

एकाच माणसाला प्राप्तिकर कायदा स्वतंत्र व्यावसायिक मानतो आणि कामगार कायदा नोकर मानू शकतो. भारतात हे दोन प्रश्न वेगळ्या कायद्यांत आणि वेगळ्या कसोट्यांवर सुटतात. कर कोणत्या कलमाखाली कापला, एवढ्यावरून मालक-नोकराचे नाते ठरत नाही. तरी बहुतेक फ्रीलान्सर त्या कपातीलाच अंतिम निकाल समजतात आणि हक्क मागायला जातच नाहीत. या विषयातले मोठे नुकसान इथेच होते.

१९६१च्या प्राप्तिकर कायद्यात पगारावरची कपात कलम १९२खाली, कंत्राटदाराच्या बिलावरची १९४सीखाली आणि व्यावसायिक शुल्कावरची १९४जेखाली होत असे. २०२५च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, भेद तोच राहिला. समजा, एखाद्या संकलकाने महिनाअखेर ६०,००० रुपयांचे बिल लावले. १० टक्के टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला कर) जाऊन खात्यात ५४,००० येतात. शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्या मुलीच्या पे-स्लिपवर पीएफची ओळ असते, याच्या बिलावर नसते. दोघेही दहाला येतात, दोघांनाही रजा एकाच साहेबाकडे मागावी लागते.

या दर्जाचे फायदेही आहेत. कॅमेरा, संगणक, प्रवास यांचा खर्च उत्पन्नातून वजा करता येतो. जुन्या कायद्याच्या कलम ४४एडीएखाली, आणि नव्या कायद्यातल्या त्याच तरतुदीखाली, ठरावीक व्यवसायांना ५० लाखांपर्यंतच्या वार्षिक जमेवर (रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत) निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवता येते. त्या यादीत चित्रपट कलावंत येतात आणि त्यांत संकलक, संवादलेखक, वेशभूषाकारही मोडतात. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की मात्र जीएसटीची नोंदणी मागे लागते.

हातून जाते ते पीएफमधले मालकाचे अंशदान, ग्रॅच्युइटी, बाळंतपणाची पगारी रजा, कामावरून काढताना मिळणारी नोटीस. आजारपणाचा महिना थेट बिनपगारी जातो.

न्यायालयांनी मात्र कागदावरच्या नावापेक्षा कामाच्या रीतीकडे पाहिले आहे. ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात (१९५७) मीठ पिकवणारे आगरिये वजनावर पैसे घेत, मदतीला स्वतःची माणसेही लावत, तरी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगार ठरवले. काम कसे करायचे यावर कंपनीची देखरेख होती, हे त्यामागचे कारण. नागपूरच्या विडी कारखान्याचा खटला (बिरधीचंद शर्मा, १९६१) आजच्या फ्रीलान्सरने मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. वळणाऱ्यांना हजार विड्यांमागे दर मिळे आणि येण्याजाण्याची मोकळीक होती. पण काम कारखान्यातच बसून करायचे, दुपारनंतर आल्यास काम मिळायचे नाही आणि नमुन्याला न उतरलेल्या विड्या बाद व्हायच्या. एवढे नियंत्रण न्यायालयाला पुरेसे वाटले. पुढच्याच वर्षी शंकर बालाजी वाजे खटल्यात थोड्या वेगळ्या तपशिलांवर विडी कामगाराच्या विरुद्ध निकाल गेला. अखेर १९६६च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी विडी वळणाऱ्यांनाही संरक्षणाच्या कक्षेत घेतले.

उलटी बाजू पुण्याच्या रुबी हॉल क्लिनिकच्या करखटल्यात दिसते. ठरावीक रक्कम घेणारे सल्लागार डॉक्टर नोकरच आहेत, त्यांच्यावर पगाराप्रमाणे कपात व्हावी, असे प्राप्तिकर विभागाचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५मध्ये ते फेटाळून हे पैसे व्यावसायिक शुल्क ठरवले. हा निकाल कराच्या प्रश्नापुरता आहे. अशा खटल्यांत पीएफ-ग्रॅच्युइटी नसणे हे नोकरी नसल्याचे लक्षण म्हणून मांडले जाते, आणि ही मांडणी प्रस्तुत लेखकाला धोक्याची वाटते. हक्क दिला नाही म्हणून तो नव्हताच, असे धरले तर न देणाऱ्याचेच फावते.

नोकरीचे नाते सिद्ध करण्याचा भार ते आहे म्हणणाऱ्यावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नीलगिरी सहकारी पणन संस्थेच्या खटल्यात (२००४) सांगितले. त्यामुळे हजेरीची नोंद, ऑफिसचे ओळखपत्र, वेळेबद्दलचे व्हॉट्सॲप संदेश, दुसरीकडे काम करू नका असे सांगणारी ईमेल हे सारे जपून ठेवावे लागते.

२०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ हा तिसरा वर्ग कायद्यात आणला. पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर काम करून कमावणारा, अशी त्याची व्याख्या आहे. संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. टॅक्सी, घरपोच खाद्यपदार्थ अशा सेवा जुळवून देणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के सामाजिक सुरक्षा निधीत भरायचे आहेत. त्यातून विमा आणि कल्याण योजना उभ्या राहू शकतात. पगारी रजा किंवा नोटीस त्यातून मिळत नाही. वरच्या संकलकाची तर तिथेही अडचण आहे. व्याख्येच्या शब्दांत तो बसू शकतो, पण त्याला थेट काम देणारे ऑफिस अशी जुळवणारी कंपनी नसल्याने त्याच्या नावाने निधीत पैसे भरण्याची सक्ती कुणावर नाही.