ध्रुव, बलरेषा आणि आपल्या पायाखालचा काळा दगड

गोदाकाठची कोरडी वाळू कागदावर पसरून खालून चुंबक फिरवला, की काळे कण ताठ उभे राहतात आणि चुंबकामागे सरकतात. हे मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या लोहखनिजाचे कण. मराठवाड्याचा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा निवून झालेला काळा दगड, झिजून ते वाळूत आले आहेत.

१२६९ साली पीटर पेरेग्रिनस या फ्रेंच विद्वानाने चुंबकपाषाणाचा, म्हणजे नैसर्गिक चुंबक असलेल्या दगडाचा गोल घेतला. त्यावर सुई ठेवून ती जिकडे वळेल त्या दिशेने रेघ ओढायची, मग सुई दुसरीकडे ठेवायची. सगळ्या रेघा समोरासमोरच्या दोन बिंदूंत मिळाल्या. त्यांना त्याने ध्रुव म्हटले. दगड फोडला तरी प्रत्येक तुकड्याला पुन्हा दोन ध्रुव असतात, हेही त्याने नोंदवले. द्विध्रुवाचे, म्हणजे न तुटणाऱ्या दोन ध्रुवांच्या जोडीचे मूळ इथे आहे.

१६०० मध्ये गिल्बर्टने पृथ्वीच चुंबक असल्याचे मांडले. १७८५ मध्ये कुलोमने दोन ध्रुवांमधील बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याचे मोजले. गणिताला हे सोयीचे, पण शाळेत शिकताना यामुळेच सुटा, एकटा ध्रुव खरा वाटू लागतो. १८२० मध्ये ओर्स्टेडने तारेतील विद्युतधारेने सुई वळलेली पाहिली आणि अँपिअरने चुंबकत्वामागे सूक्ष्म धारावर्तुळे आहेत असे सुचवले. चुंबक तोडला तरी दोन्ही भागांत ती वर्तुळे शाबूत राहतात. मग ध्रुव सुटा होणार कसा?

बलरेषांना, म्हणजे चुंबकाच्या क्षेत्राची (प्रभावाची) दिशा दाखवणाऱ्या रेषांना भौतिकीत मानाचे स्थान दिले फॅरडेने. रेषा दक्षिण ध्रुवाशी संपत नाहीत, चुंबकाच्या आतून पुढे जाऊन बंद होतात, हे त्याने फिरत्या तारेने दाखवले. मॅक्सवेलने त्याला गणित दिले.

चुंबकावर पुठ्ठा ठेवून त्यावर लोहकीस भुरभुरण्याच्या प्रयोगात मात्र घोटाळा होतो. कीस कानशीचा, बारीक आणि कोरडा हवा. तेलकट असेल तर गोळे होतात. तो पातळ भुरभुरून पुठ्ठ्याला हलक्या टिचक्या द्याव्यात. जोरात ठोकले तर सगळा कीस ध्रुवांकडे धावतो. प्रत्येक कण स्वतः छोटा द्विध्रुव होतो, पुढच्या कणाला टोकाने चिकटतो आणि शेजारच्या साखळीला दूर लोटतो. म्हणून मधल्या फटी दिसतात. क्षेत्र त्या फटींतही असतेच.

मोजायचे असेल तर होकायंत्र घ्यावे. आपल्याकडे पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षितिजसमांतर भाग सुमारे ३९ मायक्रोटेस्ला आहे (टेस्ला हे क्षेत्राचे एकक). १ अँपिअर-वर्गमीटर आघूर्णाच्या (आघूर्ण म्हणजे चुंबकाच्या ताकदीचे माप) पट्टीचुंबकाचा उत्तर ध्रुव उत्तरेकडे ठेवला, तर मध्यापासून पूर्वेला आणि पश्चिमेला साधारण १४ सेंटीमीटरवर सुई गोंधळते, कारण तिथे दोन्ही क्षेत्रे एकमेकांना रद्द करतात. अंतर दुप्पट केले की चुंबकाचे क्षेत्र आठपट घटते.

वेरूळ-अजिंठ्याची लेणी ज्या दगडात कोरली, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. मॅग्नेटाइट ५८० अंश सेल्सिअसखाली निवला, की त्या वेळच्या क्षेत्राची दिशा त्यात गोठते. १९५६ मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या संशोधकांनी दख्खनच्या खडकांतील ही दिशा मोजून प्रसिद्ध केली. क्षितिजाशी असलेल्या तिच्या कलावरून लाव्हा वाहिला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हे उलगडले.