भरपूर गृहपाठ दिला की मूल हुशार होतं?

लहान वर्गांत भरपूर गृहपाठ दिला की मूल हुशार होतं, हे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. त्याला आधार नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते २००३ मधल्या संशोधनाचा आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध केला. गृहपाठ आणि यश यांचा संबंध सातवीपासून पुढे ठळक दिसला. सहावीपर्यंत मात्र अगदीच क्षीण. लहान मुलांचं लक्ष पटकन उडतं, आणि एकट्याने अभ्यास कसा करायचा हेही त्यांना अजून जमत नसतं. दमलेल्या मुलाकडून पानंच्या पानं लिहून घेणं मला तर क्रूर वाटतं. गृहपाठ नकोच, असं कूपर म्हणत नाहीत. पहिलीला रोज साधारण १० मिनिटं, पुढे दर इयत्तेला आणखी १०, या मर्यादेला त्यांचा पाठिंबा आहे.