गळाआधीचा वीतभर दोरा

मासेमारीच्या सामानाच्या दुकानात हल्ली फ्लुरोकार्बन या प्लास्टिकच्या दोऱ्याचं रीळ दिसतं. साध्या नायलॉनच्या तंगुसापेक्षा बरंच महाग, आणि वेष्टनावर दावा ‘पाण्यात अदृश्य’. ‘भाऊ, हाऊ दोरा पानीमा दिसत नही,’ असं दुकानदारही छातीठोक सांगतो. तापीकाठची तरुण पोरं मोबाइलवर इंग्लंडातल्या नद्यांवरचे बार्बेल मासे पकडण्याचे व्हिडिओ बघतात, त्यातही हाच दोरा असतो. मग खिसा हलका झालाच म्हणून समजा.

दावा तपासायला शाळेतलं प्रकाशाचं प्रकरण पुरतं. पारदर्शक वस्तू दिसते ती तिचा आणि पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा, वेगळा असल्यामुळे. पाण्याचा 1.33, नायलॉनचा सुमारे 1.53, फ्लुरोकार्बनचा 1.42. सरळ पडलेल्या प्रकाशापैकी नायलॉनच्या पृष्ठभागावरून साधारण अर्धा टक्का परत फिरतो, फ्लुरोकार्बनवरून एक दशांश टक्का. म्हणजे चमक पाचपट कमी, हे खरं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. शिवाय पावसाळ्यात तापीला गढूळ पाणी आलं की त्यात बुडवलेला स्वतःचा पंजा दिसत नाही, तिथे दोऱ्याच्या अदृश्यतेचे पैसे कशाला मोजायचे?

आणि बार्बेल डोळ्यांवर फारसा विसंबतही नाही. ट्रेंट, सेव्हर्न, वाय या इंग्लंड-वेल्समधल्या नद्यांच्या तळाशी गोट्यांतून चरणारा हा मासा. तोंड खाली वळलेलं, ओठ जाड, तोंडाशी चार मिशा. या मिशांवर चवीच्या कळ्या असतात. अंधारात, गढुळात तो तळ चाखत पुढे सरकतो. जबड्यात दात नाहीत, दात आहेत घशात. त्यामुळे सापडलेली वस्तू आधी पाण्यासकट आत ओढायची, ओठांनी चाचपायची, खटकली तर फुंकून बाहेर टाकायची, अशी त्याची रीत. आपला महाशीर त्याच कुळातला. त्यालाही चार मिशा, घशात दात, आणि नर्मदा-तापीच्या खडकाळ डोहांशी त्याचं जुनं नातं आहे.

खटकण्याचं कारण बहुतेक वेळा वजनाचं शिसं आणि गळ यांच्यामधला शेवटचा तुकडा असतो. तिकडे त्याला हुकलिंक म्हणतात. वीतभर ते चार फूट, नदी आणि पाणी बघून लांबी ठरते. दुकानात गिऱ्हाईक विचारतं, ‘किती किलोचा दोरा आहे?’, म्हणजे किती वजन पेलतो. माझ्या मते या तुकड्याच्या बाबतीत त्याआधी विचारायला हवं ते, दोरा वाकतो किती. माशाने आमिष ओढलं आणि त्यामागचा दोरा ताठ असेल, तर आमिष मोकळ्या दाण्यासारखं येत नाही, अडखळतं.

वाकण्याचं गणित मला फार आवडतं, तेव्हा इथे जरा थांबू. दोरा वाकवला की बाहेरची कड ताणली जाते, आतली दाबली जाते, मधोमध काहीच होत नाही. मध्यापासून जितकं दूर, तितकं ताणणं जास्त. तिथला ताण ज्या तरफेने वाकण्याला विरोध करतो तीही तितकीच लांब. झाला अंतराचा वर्ग. आता जाडी वाढली की छेदाचं क्षेत्रफळही वर्गाने वाढतं. दोन्ही मिळून ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. ताकद मात्र फक्त क्षेत्रफळावर, म्हणजे वर्गावर. 0.20 मिलिमीटरऐवजी 0.40 चं तंगूस घेतलं तर ताकद चौपट, ताठपणा सोळापट!

घरी बघायचं असेल तर एकाच प्रकारचे 0.20 आणि 0.40 अशा दोन जाडींचे तुकडे कोमट पाण्यात ठेवून, ओढून रिळाचं वळण काढा. टेबलाच्या कडेवरून दोन्ही दहा सेंटिमीटर बाहेर काढून वरून पुस्तक ठेवा. जाड दोरा जवळजवळ आडवा राहतो, बारीक वाकून खाली येतो. जाड दोरा स्वतः जडही असतो, त्यामुळे इथे फरक सोळापट न दिसता चौपटच्या आसपास दिसतो. ताठपणा चौथ्या घाताने वाढला, वजन वर्गाने, उरला वर्ग.

मग ताकद हवी आणि लवचीकपणाही, तर काय करायचं? बुरूड करतो तेच: अखंड बांबू वाकत नाही, त्याच्या कामट्या काढल्या की टोपली विणता येते. गोफासारखा विणलेला दोरा, म्हणजे ब्रेड, याच तत्त्वावर चालतो. तो अति-लांब साखळ्यांच्या पॉलिइथिलीनचा असतो. नायलॉनइतकीच ताकद साधारण चौथ्या हिश्शाच्या छेदात मिळते. 0.30 च्या तंगुसाऐवजी 0.015 मिलिमीटरचे शंभर तंतू धरा. एका तंतूची जाडी विसावा भाग, विसाचा चौथा घात 1,60,000, तंतू शंभर, म्हणजे ताठपणा 1,600 पट कमी. पण थांबा, हे पॉलिइथिलीन मुळात नायलॉनहून चाळीसेक पट कडक आहे. 1,600 भागिले 40, शेवटी ताठपणा चाळिसावा भाग. तंतू एकमेकांवर मोकळे सरकतात असं इथे गृहीत धरलंय. मेण किंवा लेप लावलेल्या दोऱ्यात हिशेब बिघडतो.

इतका मऊ दोरा मग सगळीकडेच का वापरू नये? कारण फेकताना तो शिशाभोवती गुंडाळला जातो आणि तळाशी गुंता होऊन बसतो. त्याची घनता 0.97, पाण्याहून कमी, म्हणून तो वर तरंगायला बघतो आणि माशाच्या अंगाला घासतो. धारदार दगडावर त्याचे तंतू एकेक करून कापले जातात. फ्लुरोकार्बनची खरी किंमत मला इथे दिसते: घनता 1.78, तळाला पडून राहतो, कडक असल्याने गुंतत नाही, घासणं सोसतो. म्हणून जाणकार लोक दोन्ही जोडतात. शिशाकडचा लांब भाग फ्लुरोकार्बनचा किंवा लेपाच्या ब्रेडचा, आणि गळाजवळची दोन-तीन इंच मऊ. नदी स्वच्छ आणि मासा बुजरा असेल तर लांब हुकलिंक, पाण्याला ओढ असेल आणि चारा एका जागी टाकला असेल तर आखूड.

आमिष गळात न खुपसता गळाच्या मागे बारीक दोऱ्यावर ओवायचं, ही हेअर रिग. 1980 च्या सुमारास इंग्लंडात लेनी मिडलटन आणि केविन मॅडक्स यांनी कार्प माशासाठी ती आणली, आणि सुरुवातीला तिच्यात खरोखरच केस वापरला होता. मासा फुंकून आमिष टाकायला जातो तेव्हा मोकळा गळ फिरून खालच्या ओठात बसतो. आपल्याकडे भिजवून उकडलेला हरभरा यावर छान बसतो. कणकेची गोळी मात्र सुटते.

नायलॉनचीही बाजू घेतो. पाण्यात राहिलं की ते वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत पाणी पितं. पाण्याचे रेणू साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सैल करतात, दोरा मऊ होतो, ताकद थोडी घटते. फ्लुरोकार्बन आणि पॉलिइथिलीन जवळपास कोरडेच राहतात. गाठ आवळण्याआधी थुंकी लावायची ती घर्षणाची उष्णता टाळण्यासाठी. पॉलिइथिलीन 145 अंशांच्या आसपास वितळतं, आणि कोरडी गाठ झटक्यात ओढली तर आतले तंतू भाजून कमजोर होतात. काही जण थुंकीला मंत्र समजतात. निघताना कुणी ‘कुठं?’ विचारलं म्हणून गळ घेऊन घरी परतणारेही आहेत. मासा त्या दिवशी मिळाला नाही तर दोष विचारणाऱ्याला, दोऱ्याची गाठ कुणी बघत नाही.

शिसं असं अडकवा की वरचा दोरा तुटला तर ते निसटून पडेल. नाहीतर मासा ते ओझं ओढत फिरतो आणि कुठेतरी अडकून मरतो. ब्रिटनमध्ये 28.35 ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर 1987 पासून बंदी आहे, कारण राजहंस खड्यांबरोबर शिसं गिळून मरत होते.

आणि मे महिन्यात तरी ‘बारीक दोऱ्यावर मोठा मासा’ ही फुशारकी नको. बारीक दोरा म्हणजे लांबलेली झुंज. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसात. खानदेशच्या उन्हात उथळ डोहातलं पाणी त्याहूनही तापतं. दमलेला मासा सोडायचा असेल तर दोन्ही हातांत, तोंड प्रवाहाकडे करून पाण्यातच धरून ठेवा. शेपटी मारून तो स्वतः निघतो, तोवर सोडू नका.