घड छाटणीनंतर ठरतो

"ताई, तिखट की मध्यम?" गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो होतो, तिथल्या मुलाने विचारलं आणि मला उत्तर देता येईना. चाळिशी उलटलेली, सगळा जन्म नाशिक जिल्ह्यात गेलेला, आणि आपल्याला मिसळ कशी आवडते हेच आठवत नव्हतं. अकरा वर्षं ती नवऱ्याने मागवली होती. काय मागवायचं, किती खायचं, खाताना कुणाशी बोलायचं, सगळं त्याच्याकडे. घर सोडून तेव्हा पाच आठवडे झाले होते. समोर बसलेली मैत्रीण काही बोलली नाही. तिने दोन्ही रश्शांच्या वाट्या मागवल्या आणि माझ्याकडे सरकवल्या.

मला वाटलं, डोकं कामातून गेलं. पण या अवस्थेचा रीतसर अभ्यास झालेला आहे. २०१० साली एरिका स्लॉटर, वेंडी गार्डनर आणि एली फिंकेल या अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की नातं तुटल्यावर माणसाचं स्वतःबद्दलचं चित्रच धूसर होतं. आपल्याला काय आवडतं, आपण कोण, याची उत्तरं डळमळतात. आणि हा धूसरपणा जितका जास्त, तितका मनस्तापही जास्त. हे साध्या, चारचौघांसारख्या नात्यांबद्दल झालं. जिथे वर्षानुवर्षं एकाचीच मर्जी चालते, तिथे दुसऱ्याचं चित्र नातं मोडायच्या कितीतरी आधीपासून पुसट होत आलेलं असतं, असं मला वाटतं.

"मग इतकी वर्षं राहिलीस कशाला?" हा प्रश्न मला सख्ख्या आत्याने विचारला, आणि मीही स्वतःला रात्र रात्र विचारला. याच्या उत्तराचा एक धागा कबुतरांपर्यंत जातो. चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर यांचं १९५७ साली प्रसिद्ध झालेलं काम सांगतं, की चोच मारल्यावर दर वेळी दाणा मिळणाऱ्या कबुतराचा दाणा बंद केला, तर ते लवकर नाद सोडतं. पण दाणा कधी मिळेल याचा नेमच नसेल, तर तो पूर्ण बंद झाल्यावरही ते कितीतरी वेळ चोच मारत राहतं. १९८१ मध्ये डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर यांनी छळणाऱ्या नात्यातली घट्ट ओढ अशीच उलगडली. एकाच्या हातात सगळी सत्ता, आणि मार किंवा अपमानानंतर अधूनमधून येणारी माया. या दोन गोष्टी एकत्र आल्या की बंध पक्का होतो. आमच्याकडे भांडणानंतर तिसऱ्या दिवशी पाव किलो जिलबी यायची. त्या जिलबीवर मी पुढचे दोन महिने काढायची.

अंगातली हालचालच संपते, त्याचं काय? १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेला प्रयोग वाचताना पोटात कालवतं, पण तो समजून घेतला पाहिजे. कुत्र्यांच्या जोड्या, दोघांनाही सारखेच विजेचे झटके. एकाने डोक्याने बाजूची पट्टी दाबली की झटका थांबायचा, दोघांचाही. दुसऱ्याने काही केलं तरी फरक पडत नसे. म्हणजे वेदना अगदी तेवढीच, फक्त एकाच्या हातात काहीतरी होतं आणि दुसऱ्याच्या हातात काहीच नव्हतं. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका. पहिल्या गटातले उडी मारून गेले. दुसऱ्या गटातले बरेचसे तिथेच पडून झटके सोसत राहिले. याला नाव पडलं 'शिकलेली असहायता'.

जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी लिहिलं की आपण ते उलटं समजलो होतो. मधल्या काळात उंदरांच्या मेंदूवर पुष्कळ काम झालं होतं. त्यातून दिसलं, की लांबत जाणाऱ्या त्रासात थिजून पडणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. मेंदूच्या तळाशी डॉर्सल राफे नावाचं केंद्र आहे. तिथून सेरोटोनिन या रसायनाचा मारा होतो आणि प्राणी गप्प बसतो. ते शिकावं लागत नाही. शिकावं लागतं ते हे, की 'मी केलं तर फरक पडतो'. कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागाला त्याचा अनुभव आला, की तो खालच्या केंद्राला आवर घालतो, आणि पुढच्या वेळीही घालू शकतो.

हे वाचलं त्या रात्री मी खूप रडले. अकरा वर्षं मी स्वतःला भित्री म्हणत होते.

त्या जुन्या कामातला आणखी एक तपशील मला सोडवत नाही. पडून राहिलेल्या कुत्र्यांना हाका मारून, खाऊ दाखवून उपयोग झाला नाही. त्यांना दोरीने ओढत, पुन्हा पुन्हा अडसरापलीकडे न्यावं लागलं. हळूहळू दोरी सैल पडत गेली आणि ते आपणहून जाऊ लागले. माझ्या बाबतीत ती दोरी आईच्या हातात होती. पहिल्यांदा बँकेत गेलो तेव्हा स्लिप तिने भरली, सही तेवढी माझी. दुसऱ्यांदा तिने फक्त पेन दिलं. चौथ्या खेपेला ती बाहेर बाकावर बसून राहिली आणि म्हणाली, "जा, मी इथेच आहे." परत आले तेव्हा तिच्या मांडीवर माझी पर्स होती आणि ती शेजारच्या बाईंशी लोणच्याबद्दल बोलत होती.

घर सोडून मी दिंडोरी तालुक्यात माहेरी गेले, तेव्हा दादाच्या द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी नुकतीच उरकली होती. वेली नुसत्या ओलांड्यापर्यंत, म्हणजे तारेवरच्या आडव्या फांदीपर्यंत, उघड्या. भेटायला येणारा प्रत्येकजण त्या बागेकडे हात करून सांगायचा, "छाटल्याशिवाय द्राक्ष लागत नाही गं." दादाला ते आवडायचं नाही. तो म्हणायचा, "कात्रीनं घड येत नाही. छाटणीनंतरच्या दोन महिन्यांत काडीला ऊन मिळालं तर येतो." शास्त्र त्याच्याच बाजूने आहे. साधारण चाळिसाव्या ते साठाव्या दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यात एक सूक्ष्म अंकुर तयार होतो. त्याचा घड होणार की नुसती बाळी, म्हणजे आधाराला वेटाळणारा तंतू, हे तेव्हा ऊन, तापमान आणि वेलीतली संजीवकं, म्हणजे वाढीची रसायनं, यांवर ठरतं. आभाळ भरून राहिलं, पानांची दाटी झाली, तर छाटणी कितीही नीट झालेली असो, ऑक्टोबरच्या, फळासाठी केलेल्या गोडी छाटणीनंतर बाळ्याच जास्त बाहेर पडतात.

माणसाच्या वाढीबद्दलही मला हेच म्हणायचं आहे. आघातानंतरच्या वाढीला शास्त्रात जागा मिळवून दिली रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून यांनी. १९९६ मध्ये त्यांनी २१ विधानांची मोजपट्टी तयार केली. माणसांशी जवळीक, नव्या वाटा, स्वतःचं बळ, अध्यात्म आणि जगण्याचं मोल, अशा पाच अंगांनी ती बदल मोजते. त्या दोघांचंही म्हणणं हेच, की वाढ आघातातून येत नाही; नंतरच्या झगड्यातून येते. त्यात विचारांचा वाटा मोठा. आपोआप घुसणारे, तेच ते चित्र फिरवणारे विचार म्हणजे नुसता रवंथ. 'हे असं का झालं, आता मला काय हवंय' असा बसून, ठरवून केलेला विचार वेगळा, आणि वाढीशी नातं जास्त त्याचं. तो एकट्याने कठीण जातो. सल्ला न देता ऐकणारं माणूस लागतं, नाहीतर वही. जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस, रोज पंधरा मिनिटं मनातलं दुखणं लिहून काढलं. ज्यांनी घटनेसोबत भावनाही लिहिल्या, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा फायदा माफकच दिसला, तरी वही दहा रुपयांत मिळते.

'मी खूप बदलले' हे स्वतःचं म्हणणंही जपून घ्यावं. पॅट्रिशिया फ्रेझियर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये विद्यार्थ्यांना आघाताच्या आधी आणि नंतरही तपासलं. वाटलेली वाढ आणि प्रत्यक्ष मोजलेला बदल यांचा मेळ फारसा बसला नाही. म्हणून मी आता 'मी खंबीर झाले' असं म्हणत नाही. बँकेचं खातं, गाडीचं लायसन्स, महिन्यातून दोनदा भेटणाऱ्या मैत्रिणी, एवढं मोजते.

कुणी अजून अशा नात्यात असेल तर दोन गोष्टी सांगते. निघण्याचा काळ बरेचदा सगळ्यात धोक्याचा असतो, म्हणून एकटीने, रागाच्या भरात निघू नका. विश्वासातल्या माणसाला आधी सांगून ठेवा. आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीबरोबर शिवीगाळ, मानसिक छळ आणि पैशांची अडवणूकही हिंसाच धरली आहे. महिलांसाठी १८१, मनाच्या त्रासासाठी १४४१६, हे मदतीचे नंबर पाठ करून ठेवा, मोबाइलमध्ये नाव टाकून नको.

भीतीचं म्हणाल तर ती पुसली जात नाही. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हच्या काळापासून ठाऊक आहे, की विझलेली सवय काही काळाने पुन्हा डोकं वर काढते. मेंदू जुनी खूण खोडत नाही. तिच्या शेजारी 'इथे धोका नाही' अशी नवी खूण करतो, आणि ही नवी खूण ज्या जागी शिकली त्या जागेशी बांधलेली असते. जागा बदलली की जुनी परत वर येते. गेल्या मंगळवारी संध्याकाळी सोसायटीत कुणीतरी नवीन स्कूटर आणली. फाटकाशी तिचं इंजिन बंद झालं, नवऱ्याच्या गाडीचा यायचा तसाच आवाज, आणि माझ्या हातातली पळी थांबली. पोट आवळलं. जिन्यावर पावलं वाजली, वरच्या मजल्यावर गेली, दार लागलं. फोडणीतली मोहरी तेवढ्यात करपली होती. मी ती टाकून दिली, कढई पुसली आणि दुसरी फोडणी केली.