फळी दबली, तेव्हा आम्ही छतावर चढलो

पांढरकवड्याच्या पुढे एका शाळेच्या पटांगणात आमची गाडी मुक्कामाला उभी होती. रात्री चहाचं भांडं धुवायला उठलो आणि दाराजवळच्या कोपऱ्यात टाच दबली. आवाज झाला नाही, काही मोडलंही नाही. ताज्या शेणानं सारवलेल्या ओट्यावर पाय पडावा तशी ती फळी खाली गेली आणि पाय उचलल्यावर सावकाश वर आली.

ही गाडी म्हणजे पिकअपच्या हौद्यावर बांधलेली लाकडी सांगाड्याची खोली. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लाय. माती तपासायचं साहित्य, दोन सूक्ष्मदर्शक, झोपायला दोन फळ्या, एक गॅसची शेगडी. वणी, मारेगाव, झरी, पांढरकवडा या भागातल्या गावागावांत आम्ही तिच्यातून फिरतो. अमेरिकेत अशा खोलीला ट्रक कॅम्पर म्हणतात, आणि तिथल्या जुन्या लाकडी कॅम्परांचंही हेच मोठं दुखणं आहे: आतली लाकडी जमीन मऊ पडते, मग खचते. आपल्याकडे उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो आणि श्रावणात चार-चार दिवस झड लागते. त्यामुळे हे दुखणं लवकर येतं.

पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तोच आमच्याही मनात आला, की वरून एक जाड प्लाय ठोकून द्यावा. तो ठोकला नाही हे फार बरं झालं.

फळी दबण्याची कारणं दोन असू शकतात आणि ती वेगवेगळी आहेत. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, एकाचे रेषे उभे तर दुसऱ्याचे आडवे, असे एकावर एक चिकटवलेले. गोंद शाबूत आहे तोवर ते सगळे मिळून एकच जाड फळी असतात. गोंद सुटला की पापुद्रे एकमेकांवर घसरायला लागतात. शंभर पानांची वही दोन्ही टोकांना धरून वाकवून पाहा, सहज वाकते, कारण प्रत्येक पान आपापलं सरकतं. तीच पानं एकमेकांना चिकटवली असती तर वही पाटीसारखी ताठ झाली असती. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. सारख्या जाडीचे पाच पापुद्रे पूर्ण सुटे झाले, तर ढोबळ हिशेबानं ताठपणा पंचविसाव्या हिश्शावर येतो. लाकूड तेवढंच, वजन तेवढंच, तरी फळी लेचीपेची.

दुसरं कारण म्हणजे लाकूडच कुजलेलं असणं. ते ओळखायला साधा स्क्रूड्रायव्हर पुरतो. चांगल्या लाकडात टोक रुतवताना जोर लागतो आणि उचकटलं तर लांब धलपी निघते. कुजलेल्यात टोक लोण्यात गेल्यासारखं जातं आणि तुकडा आखूड, भुसभुशीत तुटतो. आम्ही दाराजवळचा मॅट सोलला तेव्हा खालचा प्लाय गडद तपकिरी झाला होता. त्यावर उभ्याआडव्या चिरा पडून बारीक चौकोन तयार झाले होते, उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या वावरासारखे. एक चौकोन बोटांत चुरडला तर त्याची कॉफीसारखी पूड झाली.

ही खूण तपकिरी कुजीची. लाकडात तीन मुख्य द्रव्यं असतात: सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज, म्हणजे ताण पेलणारे धागे आणि त्यांची जोडणी, आणि लिग्निन, म्हणजे त्यांना घट्ट धरून ठेवणारा माल. तपकिरी कूज करणाऱ्या बुरशा धागे खातात आणि लिग्निन बहुतांशी तसंच सोडतात, म्हणून उरलेलं लाकूड तपकिरी दिसतं. त्यांची पद्धत विलक्षण आहे. या बुरशा हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. लोहाच्या अंशाशी त्याची अभिक्रिया होऊन अत्यंत तिखट असे मूलक, म्हणजे दिसेल त्याच्याशी अभिक्रिया करणारे कण, जन्मतात आणि ते सेल्युलोजच्या लांब साखळ्या मधूनच तोडतात. यामुळे एक घातक गोष्ट घडते. वजन फारसं घटायच्या आधीच ताकद जाते. लाकडाचं दहा टक्के वजन कमी झालं तोवर त्याची निम्म्याहून जास्त ताकद गेलेली असते. म्हणून डोळ्यांना ठीक दिसणाऱ्या, नुसत्या रंग बदललेल्या फळीवरही भरवसा ठेवू नये. पांढऱ्या कुजीच्या बुरशा लिग्निनही खातात. तिथे लाकूड फिकट, तंतुमय आणि ओलसर स्पंजासारखं होतं.

या बुरशांचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, त्यांना अडवणं कुणाच्याच हातात नाही. हातात आहे ते पाणी. लाकडातल्या पेशींच्या भिंती पाण्यानं पूर्ण तृप्त व्हायला कोरड्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के पाणी लागतं. त्यापुढे बुरशी जोमानं वाढते. २० टक्क्यांच्या खाली लाकूड राहिलं तर ती वाढत नाही. पाण्याइतकीच हवाही हवी. धुऱ्यावरचा जुना खांब उपटून पाहिला तर तो बहुतेक वेळा जमिनीलगतच्या पट्ट्यात सडलेला असतो, खोल मातीत आणि वर उन्हात बराच ठीक. वर पाणी टिकत नाही, खोल मातीत हवा पोचत नाही, आणि त्या वीतभर पट्ट्यात दोन्ही मिळतात. वाळवीलाही तीच जागा सोयीची, पण तो वेगळा विषय.

मातीच्या नमुन्यांसाठी आमच्याकडे छोटी भट्टी असते, तिचा इथे उपयोग झाला. दाराजवळचा तळहाताएवढा तुकडा कापून लगेच तोलला: ९३ ग्रॅम. १०५ अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवला: ६२ ग्रॅम. गेलेलं पाणी ३१ ग्रॅम, म्हणजे कोरड्या वजनाच्या ५० टक्के. मग झोपायच्या फळीखालच्या कोपऱ्यातून त्याच मापाचा निरोगी तुकडा काढून वाळवला, तो भरला १०४ ग्रॅम. एकाच प्लायचे दोन तुकडे, आणि एकात ४२ ग्रॅम लाकूड बुरशीनं खाऊन संपवलेलं.

पाणी कुठून आलं याचा शोध खालून लागत नाही. पाणी घुसतं एका जागी आणि सांगाड्याच्या कडेकडेनं उतरून साचतं दुसऱ्याच जागी. आमच्या दारापाशी नळ नाही, पाण्याची टाकी नाही. म्हणून छतावर चढलो. मागच्या कडेला सोलर पॅनलच्या स्टँडचे चार स्क्रू होते आणि त्यांच्याभोवतीचा सीलंट, म्हणजे फट बुजवायचा मसाला, कडक होऊन तडकला होता. हे का होतं, त्याचा हिशेब असा. ॲल्युमिनियमचा एक मीटर पत्रा दर अंशाला मीटरच्या दहा लाख भागांपैकी २३ भाग एवढा वाढतो. तीन मीटरचा पत्रा पहाटेपासून दुपारपर्यंत ४० अंशांनी तापला, तर जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर वाढतो. खालचं लाकूड तापमानानं रेषांच्या दिशेनं त्या मानानं फारच थोडं वाढतं. मधला सीलंट रोज ताणला जातो, रोज दाबला जातो, आणि वरून ऊन त्याला ठिसूळ करतं. मग केसाएवढी फट पडते. केसाएवढी फट मोठ्या भोकापेक्षा कमी धोक्याची वाटते, पण पृष्ठताणामुळे ती पाणी आत ओढून धरते आणि सोडत नाही.

गळती नक्की करायला नळीचं पाणी खालून वर मारत जावं. आधी खिडकीच्या खालच्या कडेवर, दहा मिनिटं थांबून आत पाहायचं, मग वरच्या कडेवर, मग छताच्या सांध्यावर. वरून सुरुवात केली तर ओघळणारं पाणी खालच्या फटीतूनही शिरतं आणि खरा चोर सापडत नाही. आमच्या गाडीत तिसऱ्या स्क्रूवर पाणी सोडल्यावर काही मिनिटांनी भिंतीच्या तळाशी ओल दिसली.

एवढ्यानंही माझं समाधान झालं नव्हतं, कारण थेंब थेंब गळतीनं इतकी कूज व्हावी हे पटत नव्हतं. उत्तर दिलं ते गावातल्या वाढईबाबांनी. सत्तरी ओलांडलेला हा माणूस अजून बंड्या, म्हणजे बैलगाड्या, दुरुस्त करतो. त्यांनी मॅटची सोललेली कड हातात घेतली, मग वाकून गाडीच्या खालचं डांबर पाहिलं आणि म्हणाले, "बंडीच्या पाट्या पाहा नं भाऊ. मधात फट ठेवतो आमी. पाणी खाली पडते, वारं लागते. तुमच्या या डब्यात पाणी गेलं तं निघन कोठून?"

बरोबर तेच घडलं होतं. वरून विनाइलचा मॅट पूर्ण चिकटवलेला, खालून रस्त्याचं पाणी लागू नये म्हणून डांबराचा थर. दोन्ही बाजूंनी जपणूक केली आणि मध्ये अडकलेल्या पाण्याला वाटच ठेवली नाही. बंडी सारा पावसाळा उघड्यावर भिजते आणि पिढ्यान्पिढ्या चालते, ते सागाच्या गाभ्यात बुरशीला न मानवणारी द्रव्यं असतात म्हणून, आणि ती दर उघडिपीला वाळते म्हणूनही. आलापल्लीचा उत्तम साग जरी असा दोन थरांत कोंडला, तरी त्याच्या बाहेरच्या पांढुरक्या भागाची धडगत नाही.

आतलं पाणीही मोजा. गॅस जळताना हायड्रोजनचं पाणी होतं. एक किलो गॅस जाळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात खोलीत येतं. दोन माणसं बंद खोलीत रात्रभर झोपली की श्वास आणि घामातून अर्ध्या लिटरच्या आसपास आणखी. डिसेंबरात थंड पत्र्याच्या आतल्या बाजूला ती वाफ दवासारखी जमते आणि तळाकडे ओघळते. थंडी कितीही असली तरी वरची खिडकी दोन बोटं उघडी हवी, शेगडी पेटलेली असताना तर हवीच.

दुरुस्ती आम्ही वैशाखात काढली. तेव्हा दुपारी हवा इतकी कोरडी असते की उघडं ठेवलेलं पातळ लाकूड पाच-सहा टक्क्यांपर्यंत वाळतं. आधी छत: जुना सीलंट खरवडून काढला आणि लवचीक राहणारा पॉलियुरेथेनचा भरला. मग बॅटरीची तार सोडली, सिलिंडर बाहेर काढला, तोंडाला मास्क बांधला आणि प्लाय कापायला घेतला. स्क्रूड्रायव्हर जिथे घट्ट लागला तिथून पुढे आणखी फूटभर कापलं, कारण बुरशीचे तंतू दिसतात त्याच्या पुढे गेलेले असतात.

रेझिन ओतून कुजलेला भाग कडक करावा, असा सल्ला खूप जण देतात. खिडकीच्या चौकटीचा नखाएवढा कोपरा असेल तर चालेल. वजन पेलणाऱ्या जमिनीत ते करू नये असं माझं ठाम मत आहे. भार धाग्यांनी पेलायचा असतो आणि धागेच तुटलेले आहेत. शिवाय ओल्या भागात रेझिन नीट शिरत नाही आणि आतल्या ओलीवर झाकण मात्र बसतं.

खालच्या आडव्या दांड्यांपैकी दोन ठीक होत्या. एक टोकाशी कुजली होती. तिचा सडका भाग काढून शेजारी नवी सागाची दांडी लावली, चांगल्या भागावर दोन-दोन फूट पुढे नेऊन बोल्टनं आवळली. दांड्यांमधलं अंतर दोन फूट होतं, तिथे मधोमध एक-एक दांडी वाढवली. मध्ये पडणाऱ्या वजनानं फळी किती वाकते हे अंतराच्या घनावर ठरतं, म्हणून अंतर निम्मं झालं की वाक आठव्या हिश्शावर येतो. एवढ्या फायद्यासाठी थोडं वजन वाढलं तर वाढू द्यावं. उरलेल्या जुन्या लाकडाला बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सचं द्रावण लावलं. ते किंचित ओलसर लाकडात आत मुरतं, पण वाहत्या पाण्यानं धुऊन जातं, म्हणून वरून रंगाचा थर लागतोच.

नवा प्लाय घेताना शिक्का वाचला. एमआर लिहिलेल्या प्लायचा गोंद दमट हवा सोसतो, साचलेलं पाणी नाही. आयएस ७१० शिक्क्याच्या मरीन प्लायच्या गोंदाची परीक्षा ७२ तास उकळून घेतात. मात्र गोंद टिकतो म्हणून लाकूड अमर होत नाही. लाकूड रेषांच्या टोकाकडून पाणी फार वेगानं पितं, म्हणून प्रत्येक कापलेली कड आणि स्क्रूचं प्रत्येक भोक इपॉक्सीनं दोनदा माखलं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्यासाठी भिंतीपाशी तीन मिलिमीटर फट सोडली. डांबर खरवडून टाकलं. मॅट आता नुसता अंथरलेला असतो, रोज सकाळी गुंडाळतो.

दाराजवळ जमिनीत वीतभर लांबीचं एक झाकण ठेवलंय. त्याखाली प्लायचाच एक तुकडा सुतळीनं टांगलेला आहे, भट्टीत वाळवून बरोबर १५० ग्रॅमचा केलेला. तो १८० ग्रॅमला पोचला की २० टक्के झाले, मग त्या दिवशी काम थांबवून दारं-खिडक्या उघडायच्या आणि छत तपासायचं. मागच्या श्रावणात मारेगावला सलग पाच दिवस झड होती. सहाव्या दिवशी काट्यावर १७६ दिसले. कोजागिरीला पुन्हा तोलला, १६८.